खटक्याविना उघडणारा चाकू

निर्मळ, भुईगाव, वाघोली या पट्ट्यातला वाडीवाला माणूस कोयता घेताना सहजासहजी फसत नाही. पाते वाजवून बघतो, मुठीत शिरलेला दांडा हलतो का ते पाहतो, पोलाद ट्रकच्या कमानपाट्याचे आहे की साध्या पट्टीचे ते विचारतो, धारेला पाणी नीट पाजले आहे ना याची खात्री करून घेतो. हाच माणूस, किंवा त्याचा शिकलेला मुलगा, घडीचा चाकू घ्यायला निघाला की ही सगळी पारख घरी ठेवून निघतो. तिथे तो दोनच गोष्टींवर भुलतो. पाते किती झटक्यात आणि किती कडक आवाज करून उघडते ही एक, आणि पात्यावर कोणत्या पोलादाचे नाव कोरले आहे ही दुसरी. हे मला सलते. चाकू कापण्यासाठी असतो, आणि घडीचा चाकू तर कापून झाल्यावर बोटे शाबूत ठेवून मिटण्यासाठीही असतो. आवाज आणि नाव यांतून या दोन्हींचा काहीच पत्ता लागत नाही. घडीच्या चाकूचा कस त्याच्या सांध्यात असतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत तर तो सांध्यातच सर्वांत आधी लागतो, एवढेच मला सांगायचे आहे.

फ्लिपर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पाते मिटलेले असताना त्याच्या बुडाचा एक लहान कान मुठीच्या पाठीवर बाहेर डोकावतो. तर्जनीने तो मागे दाबला की पाते खिळीभोवती फिरून उघडते आणि लॉक बसते. उघडल्यावर तोच कान मुठीखाली येतो आणि बोट पुढे घसरून धारेवर जाण्यापासून अडवतो. हा प्रकार लोकप्रिय करण्याचे श्रेय अमेरिकन कारागीर किट कार्सन यांना दिले जाते. ज्यात स्प्रिंग नाही, सगळे काम बोट आणि सांधा यांनीच होते, तो हाताने उघडायचा फ्लिपर. इथे त्याच्याबद्दलच बोलतो आहे.

वाडीत कोयता, घरात विळी असताना हे खूळ कशाला, असा प्रश्न कोणीही विचारील, आणि तो रास्त आहे. पण सुंभ तोडायचे, ठिबकची नळी छाटायची, खताच्या गोणीची शिवण उसवायची, फुलांच्या करंडीची बांधणी सोडवायची, ही कामे कोयत्याची नव्हेत. यातली बरीचशी कामे एक हात अडकलेला असताना करावी लागतात. नखाने खाच पकडून उघडायचा जुना चाकू तेव्हा उपयोगी पडत नाही. पावसात हात ओले असले तर नख सरकतेच. कान दाबून उघडणारे पाते ओल्या हाताला, हातमोज्यालाही दाद देते. मग स्प्रिंगवाला का नको, हा पुढचा प्रश्न. तर स्प्रिंग खराब सांध्यावर पांघरूण घालते. खीळ आवळलेली असो, वॉशर खरबरीत असो, स्प्रिंग पाते ढकलून देतेच, आणि घेणाऱ्याला वाटते काम झकास आहे. स्प्रिंग नसलेल्या फ्लिपरला असे लपवायला जागा नाही.

आता त्या सांध्याकडे नीट बघू. पात्याच्या बाजूने मुठीत पोलादाची एक लवचीक पट्टी असते, तिला लायनर लॉक म्हणतात. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मायकेल वॉकर यांनी तिला आजचे रूप दिले. या पट्टीवर साधारण दीड मिलिमीटरचा एक कडक छर्रा बसवलेला असतो आणि पात्याच्या बुडाला त्याच्यासाठी एक बारीक खळगा. पाते मिटले की छर्रा खळग्यात बसतो आणि पाते खिशात मिटलेले राहते. कानावर बोट दाबत गेले की जोर साठत जातो, एका क्षणी छर्रा खळग्यातून निसटतो, आणि साठलेल्या जोरावर पाते भिरकावले जाते. खळगा उथळ असेल तर पाते अर्ध्यातच थांबते आणि मनगटाला झटका द्यावा लागतो. तसले पाते खिशात आपोआप थोडेसे उघडूही शकते, आणि किल्ल्या काढायला गेलेल्या हाताचे काय होईल हे सांगायला नको. खळगा फार खोल असेल तर बोट दुखते, कानावरून सटकते.

वेगावर भुलू नये असे मी वर म्हटले, आणि तरी इथे म्हणतो की वेग जरूर तपासा. मनगट जराही न हलवता, फक्त तर्जनीने दाबून पाते दर वेळी पूर्ण उघडते का, हे पाहण्यासारखी दुसरी कसोटी नाही. पाते मिटवून ठेवणारी आणि उघडणारी ताकद एकच असल्याने, असे उघडणारे पाते खिशातही मिटलेले राहील असा भरवसा धरता येतो. मात्र तपासताना उरलेली बोटे लॉकच्या पट्टीवर दाबली जाऊ देऊ नका. त्या दाबाने छर्रा खळग्यात घट्ट रुततो आणि चांगला चाकूही वाईट ठरतो. नंतर चाकू मिटून, पात्याचे टोक जिकडे आहे ती बाजू खाली करून हलकेच हलवा. पाते सुटता कामा नये.

खिळीजवळ पाते कशावर फिरते, हा यापेक्षा मोठा वाद आहे. बहुतेक नव्या फ्लिपरमध्ये छर्र्यांची बेअरिंग असते, जुन्या धाटणीच्या चाकूंत फॉस्फर ब्राँझचे वॉशर. बेअरिंगवर पाते पाण्यासारखे फिरते, यात शंका नाही, आणि दुकानात हातात घेतल्यावर ब्राँझवाला चाकू तिच्यापुढे मठ्ठ वाटतो. पण कळंब-राजोडीचा किनारा जवळ असलेल्या गावात, वाडीच्या मातीत आणि घामाने भिजलेल्या खिशात हे सुख फार टिकत नाही. वाळूचा कण छर्र्यांच्या वाटेत गेला की पाते करकरते. छर्रे साध्या पोलादाचे असतील तर तेही गंजतात, आणि सुटे करून पुसायला बसावे तर ते जमिनीवर सांडतात. ब्राँझ गंजत नाही, वापरून वापरून उलट घासून गुळगुळीत होते, आणि कण शिरला तरी त्याची सपाट चकती बरेच सोसते. शहरातल्या कोरड्या कार्यालयात पाकिटे फोडणाऱ्याने बेअरिंग खुशाल घ्यावी. निर्मळच्या माणसाने ब्राँझचा वॉशर मागावा.

पोलादाच्या बाबतीतही हेच. सध्या मध्यम किमतीच्या फ्लिपरवर डी२ हे नाव सर्रास दिसते, आणि ते वाचले की घेणाऱ्याला धन्य वाटते. डी२ हे मुळात डाय बनवायचे पोलाद. वालीव-गोखिवऱ्याच्या कारखान्यांत डाय-पंचचे काम केलेल्या कोणालाही ते ठाऊक असेल, आणि तिथे तयार डायला तेलाचा हात फिरवून ठेवतात हेही ठाऊक असेल. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का आणि क्रोमियम बारा टक्क्यांच्या आसपास. बारा टक्के म्हटल्यावर ते जवळजवळ स्टेनलेस वाटते. पण गंज अडवतो तो मोकळा राहिलेला क्रोमियम. डी२ मधला बराचसा क्रोमियम कार्बनशी बांधला जाऊन कठीण कण बनतो. ते कण धार टिकवतात, गंज अडवत नाहीत. उलट १४सी२८एन या स्वीडिश पोलादात कार्बन ०.६२ टक्के, क्रोमियम १४ टक्के आणि थोडा नायट्रोजन. कार्बन कमी, म्हणून बराचसा क्रोमियम मोकळा. ते डी२ इतका वेळ धार धरत नाही, हे मान्य. पण धारेचे अगदी टोक इतके बारीक असते की गंज पहिल्यांदा तेच खातो. केळीचा घड उतरवून चिकाने काळे पडलेले पाते तसेच मिटून खारट हवेत रात्रभर ठेवले, तर कठीण कणांनी कमावलेले सगळे सकाळी गेलेले असते.

यावर हमखास येणारे उत्तर असे की आपल्या आज्यापणज्यांचे कोयते साध्या पोलादाचेच होते, गंजत होते, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालले. खरे आहे. पण कोयत्याचा गंज डोळ्यांसमोर असतो. दगडावर चार हात मारले की निघून जातो, आणि पाते जाड असल्याने थोडे झिजल्याने काही बिघडत नाही. घडीच्या चाकूत गंज शिरतो तो छर्र्याच्या खळग्यात, खिळीभोवती, आणि लॉकची पट्टी जिथे पात्याच्या बुडाला टेकते तिथे. तो दिसत नाही. जाणवतो तेव्हा लॉक चिकटायला तरी लागलेले असते किंवा घसरायला तरी, आणि घसरणारे लॉक म्हणजे बोटांवर मिटणारे पाते.

लॉक बघण्यासाठी चाकू उघडून उजेडात धरा. पट्टी पात्याच्या बुडाच्या सुरुवातीच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर अर्ध्यापर्यंत पोचलेली असावी. नव्या चाकूतच ती पलीकडच्या बाजूला टेकली असेल तर झिजायला जागा उरलेली नाही. पाते वर-खाली हलता कामा नये. आडवे हलत असेल तर खिळीचा स्क्रू थोडा आवळून पाहावा. पाते हलणेही थांबले आणि फिरणेही जड झाले नाही, अशी जागा ज्या चाकूत सापडते तो चांगला. जिथे एक सुधारले की दुसरे बिघडते तिथे यंत्रकाम ढिले आहे, आणि ते घरी सुधारत नाही.

निगेचे दोनच शब्द. सांध्यात खोबरेल घालू नये. थंडीत ते थिजते, एरवीही हळूहळू चिकट होते आणि फ्लिपर मरतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो. धार सपाट दगडावर सावकाश लावावी. फिरत्या चाकावर पातळ धार तापून निळी पडली की पोलादाचा कडकपणा तिथे गेला. निळा रंग सुमारे तीनशे अंश तापमानाचा पुरावा असतो, आणि तो पुसला तरी नुकसान पुसले जात नाही.

राहिला कायद्याचा प्रश्न, कारण हिंदी सिनेमाने रामपुरी इतका मनात भरवला आहे की मिटणारे पाते दिसले की लोकांना गुंडच दिसतो. शस्त्र नियम, २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि त्यातूनही घरगुती व शेतीकामाची अवजारे वगळली आहेत. बहुतेक फ्लिपरचे पाते तीन-साडेतीन इंचांचे. पण दिल्लीत १९८०ची अधिसूचना स्प्रिंगचे, गरारीचे, बटणाचे आणि इतर यांत्रिक युक्तीने उघडणारे चाकू धरते, पाते ७.६२ सेंटिमीटर किंवा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असेल तर. फ्लिपर त्यात कधीच मोडणार नाही असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विसंबू नये. आपल्याकडेही महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सण, निवडणुका, तणाव अशा वेळी हत्यार बाळगण्यावर बंदी घालता येते. म्हणून माझे मत असे की पाते तीन इंचांच्या आतले घ्यावे, ते वाडीत आणि घरी वापरावे, जत्रेच्या गर्दीत, लोकलमध्ये, विमानाच्या हातसामानात नेऊ नये.

तेव्हा आपल्या भागात राहणाऱ्याने ब्राँझचे वॉशर, १४सी२८एन किंवा तसलेच गंज सोसणारे पोलाद, तीन इंचांच्या आतले पाते आणि घट्ट बसणारे लायनर लॉक एवढे मागावे, आवाजासाठी एक रुपया जास्त देऊ नये. घरबसल्या मागवला असेल तर परत करण्याची मुदत संपण्याआधी वरच्या सगळ्या गोष्टी तपासा, आणि लॉक जराही घसरले तर धार कितीही चांगली असो, चाकू परत पाठवा.