पापणीची साक्ष

दुखणे सांगता येणे हेही एक भाग्यच आहे. मुलाचे पोट दुखू लागले की ते आईला बिलगते. वृद्ध मनुष्य कण्हतो. ज्याला शब्द फुटत नाही तो निदान बोट तरी दाखवतो. वैद्याचे निम्मे काम रोग्याची जीभच करते. परंतु ज्याला वाचा नाही आणि जो आपली व्यथा होता होईल तो लपवतो, अशा रोग्यापुढे वैद्याने काय करावे? पिंजऱ्यातील माकड हा असाच एक रोगी आहे.

रानातील टोळीत दुबळ्याला थारा नसतो. एखादे माकड थकलेले दिसले की त्याची जागा दुसरे बळकावते आणि श्वापदाचा डोळाही त्याच्यावरच जातो. म्हणून दुखणे अंगावर काढण्याची सवय माकडाच्या हाडीमांसी खिळलेली असते. पिंजऱ्यात आल्यावरही ती सुटत नाही. समोर माणूस उभा आहे तोवर ते ताठ बसते, दाणे उचलते, दात विचकते. अशा माकडाच्या फुप्फुसात क्षयरोगाने घर केले असेल, हे पाहणाऱ्याच्या मनातही येत नाही. कित्येकदा ते मरून पडल्यावरच रोगाचा उलगडा होतो.

क्षयरोगाला आपल्या पूर्वजांनी राजयक्ष्मा म्हटले. त्याचे कारण असलेला सूक्ष्म जंतू जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी शोधून काढला आणि २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे तो शोध जाहीर केला. रोग्याच्या खोकल्याबरोबर हे जंतू हवेत उडतात आणि दुसऱ्याच्या श्वासावाटे आत शिरतात. मनुष्यवस्तीपासून दूर राहणाऱ्या माकडांत हा रोग क्वचितच आढळतो. तो त्यांना बहुधा जडतो बंदिवासात. पकडणारा, विकणारा, सांभाळणारा आणि पाहायला येणारा यांच्या श्वासातून. ‘माकडाच्या हाती कोलीत’ अशी म्हण आपण सहज वापरतो. येथे मात्र कोलीत माणसाच्या हातचे असते.

उत्तर भारतातील ऱ्हीसस जातीच्या माकडाला हा रोग फार लवकर जडतो. १९५५ साली पोलिओची लस प्रचारात आली. ती तयार करण्यासाठी माकडाच्या मूत्रपिंडातील पेशी लागत. त्या काळात भारतातून ऱ्हीसस माकडे फार मोठ्या संख्येने परदेशी गेली. १९७८ साली भारताने ही निर्यात बंद केली. दाटीवाटीने भरलेल्या पिंजऱ्यात एकच रोगी माकड असले, तरी त्याच्या संगतीने साऱ्या कळपाला रोग जडण्याची भीती असे. म्हणून रोगी कोणते, हे वेळीच ओळखण्याला फार मोल आले.

ओळखण्याचे साधन मिळाले ते एका फसलेल्या औषधातून. कॉख यांनी १८९० साली क्षयजंतूंपासून ‘ट्युबरक्युलिन’ नावाचा द्रव तयार केला. त्याने क्षय बरा होईल, ही आशा फोल ठरली. परंतु ज्याच्या शरीरात क्षयजंतू शिरलेले आहेत त्याला हा द्रव टोचला की ती जागा लाल होऊन सुजते, असे दिसून आले. १९०८ साली फ्रेंच वैद्य शार्ल मांतू यांनी तो कातडीत टोचण्याची रीत घालून दिली. माणसाला ही सुई हातावर टोचतात. माकडाला मात्र ती वरच्या पापणीच्या कडेला टोचतात.

पापणीच का? कारण हातावरची सूज पाहायची, तर माकडाला रोज नव्याने पकडावे लागेल आणि त्या झटापटीत त्याचे हाल होतील. पापणी मात्र पिंजऱ्याबाहेरूनही दिसते. माकडाला गुंगी देऊन अगदी बारीक सुईने ०.१ मिलिलिटर द्रव टोचतात आणि मग २४, ४८ व ७२ तासांनी त्याचा चेहरा न्याहाळतात. दोन्ही डोळे सारखे टपोरे उघडे असतील तर ठीक. एक पापणी सुजून खाली झुकली असेल, तर क्षयाची दाट शंका घ्यावी लागते. या सुजेला शून्य ते पाच असे अंक दिलेले असतात. तीन अंक हा संशयाचा. चार किंवा पाच आले की परीक्षकाचा चेहरा गंभीर होतो.

पण ही साक्षही डोळे मिटून मानता येत नाही. रोग नुकताच जडलेला असेल, तर पापणी काहीच सांगत नाही. रोग फार बळावला असेल, तर थकलेल्या शरीराला सुजण्याचेही त्राण उरत नाही आणि सर्वांत आजारी प्राणी निरोगी भासतो. उलट ओरांगउटान या वानराची पापणी रोग नसतानाही सुजू शकते. म्हणून नव्याने आलेल्या माकडांना काही आठवडे इतरांपासून वेगळे ठेवतात व ही चाचणी पुनःपुन्हा करतात. छातीचे क्ष-किरण चित्र घेतात. माकड थुंकत नाही, खोकल्याबरोबर आलेला कफ ते गिळून टाकते; म्हणून नळी घालून त्याच्या पोटातील द्रव काढतात व सूक्ष्मदर्शकाखाली त्यात जंतू शोधतात. प्रयोगशाळेत ते जंतू वाढवून पाहायला सहा ते आठ आठवडेही लागतात. आता रक्ताच्या आणि जंतूंच्या जनुकांच्या नव्या चाचण्याही हाताशी आल्या आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? क्षयी ठरलेल्या माकडाला बहुधा वेदना न होता मरण दिले जाते. औषधे आहेत, पण ती कित्येक महिने नियमाने द्यावी लागतात आणि तोवर इतर माकडांना व सांभाळणाऱ्या माणसांना धोका राहतो. निदान चुकून निरोगी प्राणी रोगी ठरला, तर एक निरपराध जीव जातो. रोगी निरोगी ठरला, तर साऱ्या पिंजऱ्याचा घात होतो. सुक्याबरोबर ओले जळू नये आणि ओल्याच्या दयेपोटी सारे रानही पेटू नये, अशी ही कसोटी असते. न्यायाधीशाला आरोपीचे म्हणणे ऐकता तरी येते. येथे त्याच्यापुढे असते ती केवळ एक पापणी.

म्हणूनच चांगल्या प्राणिसंग्रहालयात आधी माणसांची तपासणी होते. ज्याला खोकला आहे, असा सेवक पिंजऱ्याजवळ जात नाही. जाणारा तोंडाला पट्टी बांधतो. आणि रोज दाणे घालणारा साधा सेवकच पुष्कळदा पहिली बातमी आणतो, की अमुक माकडाने आज दाणे तसेच टाकले, तमुक आज कोपऱ्यातून उठले नाही. यंत्रे आणि सुया नंतर येतात. तोवर त्या मुक्या जीवाचे दुखणे कोणाच्या तरी ममतेच्या नजरेने टिपलेले असते.