घसाऱ्याच्या हिशेबातला कॅमेरा

जुन्या वस्तूची किंमत कशी ठरवावी, हा प्रश्न आम्हा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षापासून छळत असतो. उत्तर मात्र पुस्तकात तयार असते. ऱ्हासमान शेष पद्धत घ्या, १५ टक्के दर लावा आणि वर्षे मोजत बसा. १०० रुपयांचे यंत्र या पद्धतीने २० वर्षांनंतर ३ रुपये ८८ पैशांवर येते. शून्य मात्र कधीच होत नाही, आणि या पद्धतीतली मला आवडणारी गोष्ट तेवढी एकच आहे. माझ्या काकांनी यंदा जेव्हा त्यांचा जुना डिजिटल कॅमेरा माझ्या पुढ्यात ठेवून "तू बी.कॉम.ला आहेस न्हवं? मग सांग की याची किंमत," असे म्हटले, तेव्हा मला प्रथम हे ३ रुपये ८८ पैसेच आठवले. मी ते बोलून दाखवले नाही. काकांपुढे असले विनोद चालत नाहीत.

कॅमेरा आहे कॅनन पॉवरशॉट ए ६२०. ही जात बाजारात आली २००५ साली. त्या वर्षी आमच्या वडगावच्या मागांना हंगाम बरा गेला होता आणि काकांनी हौसेने तो घेतला. घरातली बारशी, मुंजी, एक लग्न आणि माझे बालवाडीतले स्नेहसंमेलन त्याने टिपले. पुढे घरात मोबाइल आला आणि कॅमेरा कपाटात, पाचवारी साड्यांच्या गठ्ठ्यामागे जाऊन बसला. आता गंमत अशी झाली आहे की असल्या जुन्या कॅमेऱ्यांना पुन्हा दिवस आले आहेत. आमच्याच वर्गातल्या एकाने तो पाहिला आणि जागच्या जागी चार हजार रुपये देऊ केले. त्याला मित्रांचे फोटो 'जुन्या रंगात' काढायचे आहेत. चार हजार म्हणजे ३ रुपये ८८ पैशांचे पुस्तकच फाडून टाकावे असा भाव! काका म्हणाले, "देऊन टाकूया."

मी थोडा वेळ मागून घेतला. त्याला कारण होते ते श्रावणाच्या आधी परत आलेल्या अठरा साड्यांचे.

आमचे घरचे माग चार. शहापूर-वडगावच्या साडीचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. पण नाव आणि विक्री या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या गल्लीतल्या दोन घरांचे माग गेल्या काही वर्षांत किलोच्या भावाने गेले. काकांनी तग धरला तो बाहेरगावच्या व्यापाऱ्यांना फोनवर साडीचे फोटो पाठवून. व्यापारी फोटो बघतो, पसंत करतो, माल जातो. यंदा एकाने डाळिंबी रंगाच्या अठरा साड्या मागवल्या आणि आठवड्याने सगळ्या परत केल्या. 'फोटोत दाखवला तो रंग हा नव्हे.' जाण्यायेण्याचा खर्च आमच्या अंगावर पडलाच, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढची मागणी थांबली. चौथा माग तीन आठवडे उभा राहिला. त्या मागावर काम करणारे अण्णा कन्नड बोलणारे, वीस वर्षांपासून आमच्याकडे आहेत. पंचमीच्या तोंडावर त्यांना आगाऊ रक्कम देताना काकांचा चेहरा कसा झाला होता ते मी पाहिले आहे. चौथा मागही विकण्याची भाषा घरात त्याच रात्री पहिल्यांदा निघाली.

दोष कोणाचा होता? मी तो फोटो अण्णांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "इदु नम्म बण्ण अल्लरी." हा आपला रंग नव्हे. व्यापारी खोटे बोलत नव्हता. घरच्या फोनने डाळिंबाचा टोमॅटो करून ठेवला होता.

तेव्हा प्रश्न 'कॅमेरा चांगला की वाईट' असा राहिलाच नाही. हा कॅमेरा डाळिंबी साडीला डाळिंबी म्हणतो का, एवढेच बघायचे होते.

आधी त्याला जिवंत करणे आले. त्याला चार पेन्सिल सेल लागतात. कोपऱ्यावरच्या दुकानातले स्वस्त सेल घातले तर लेन्स बाहेर येते, दोनचार फोटो निघतात आणि पडदा मिटतो. एकदम लागणारा प्रवाह त्या सेलना झेपत नाही. निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल आणले तेव्हा काम सुरळीत झाले. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, की आजच्या एखाद्या फोनची बॅटरी अशी बदलून दाखवा! वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला आजही किराणा दुकानात अन्न मिळते ही साधी बाब नाही. कार्डाचे मात्र हाल आहेत. जास्त क्षमतेची एसडीएचसी कार्डे निघाली २००६ मध्ये, म्हणजे या कॅमेऱ्यानंतर. ती तो ओळखतच नाही. जुन्या पद्धतीचे दोन जीबीचे कार्ड शोधायला मी खडेबाजारात एक अख्खी दुपार घालवली. शेवटी एका मोबाइल दुरुस्तीवाल्याच्या खणात सापडले.

बाकी अंगलट सांगायची तर चित्र ३०७२ बाय २३०४ बिंदूंचे, म्हणजे एकूण सुमारे ७१ लाख. चौपट झूम. मागचा पडदा दोन इंचांचा. बाहेर काढून हवा तसा फिरवता येतो, पण त्यावर रंग पारखायला जाऊ नये. आणि डोक्यावर एक गोल चकती, जिच्यावर 'ऑटो'खेरीज 'एम' हे अक्षर आहे. या एका अक्षराने पुढचे सगळे घडले.

पहिल्या दिवशी मी कॅमेरा 'ऑटो'वर ठेवून तीच साडी टिपली. निकाल फोनहून फारसा वेगळा नव्हता! काका "बघ, मी काय म्हणत होतो," असे म्हणून उठूनही गेले. मग मी विचार करीत बसलो. कॅमेऱ्याला साडी कळत नाही, त्याला सरासरी कळते. गडद कापडाने सगळी चौकट भरली की त्याला वाटते उजेड कमी आहे. तो चित्र उजळ करतो. चौकटभर लाल दिसला की त्याला वाटते दिवाच लाल आहे. तो लाल कमी करतो. डाळिंबी रंगाचा जीव कशात आहे, तर गडदपणात आणि लालीत. तो नेमका दोन्ही बाजूंनी कापला जातो. फोन त्यावर आणखी स्वतःच्या बुद्धीने रंगाला चकाकी चढवतो. झाला टोमॅटो!

दुसऱ्या दिवशी चकती 'एम'वर नेली. सकाळी नऊ वाजता मागघराच्या उत्तरेकडच्या दारात, सावलीत, खाटेवर पांढरा कागद ठेवला आणि कॅमेऱ्याला सांगितले की बाबा रे, हा पांढरा. ही सोय त्यात आहे. मग त्याच कागदावर प्रकाशाचे माप घेऊन ते कायम केले आणि एकामागून एक दहा साड्या त्याच मापावर टिपल्या. डाळिंबी, राणी, आंबा, अंजिरी, चिंतामणी. मागघरातले एलईडी दिवे मुद्दाम बंद ठेवले होते, कारण स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद लालाचा अंश कमी असतो आणि जे उजेडातच नाही ते कॅमेरा कुठून आणणार? दहा चित्रे संगणकाच्या पडद्यावर लावली आणि शेजारी खऱ्या साड्या धरल्या. काका काही बोलले नाहीत. अण्णांनी डाळिंबीवर बोट ठेवले आणि मान हलवली. दहापैकी आठ साड्या त्या दोघांनी मान्य केल्या. फोनच्या दहापैकी चार.

इथे माझ्या त्या चार हजारवाल्या मित्राशी माझा वाद झाला. त्याचे म्हणणे, ही सीसीडीची करामत आहे. जुन्या कॅमेऱ्यांत सीसीडी असे, आताच्या फोनांत सीमॉस असते, म्हणून जुने रंग खरे. हे मला पटत नाही. सीसीडीची कल्पना बेल प्रयोगशाळेत विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये मांडली आणि त्यांना २००९ मध्ये नोबेल मिळाले, हे सर्व खरे. पण सीसीडी काय आणि सीमॉस काय, दोघेही रंगांधळेच. प्रत्येक बिंदूवर किती उजेड पडला एवढेच ते मोजतात. रंग येतो तो त्यांच्यावर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या चौकड्यांमुळे, आणि ही युक्ती कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, १९७६ च्या पेटंटातली. त्यानंतर आतले गणित जसे असेल तसा रंग. माझ्या दहा साड्यांत आठांचा निकाल लागला तो पांढऱ्या कागदाने आणि त्या 'एम' अक्षराने. महागड्या फोनांत ही सोय असते. आमच्या घरच्या फोनात नाही. मित्राला हे सांगितल्यावर तो जरा खट्टू झाला, पण चार हजारांवरून खाली आला नाही. हौसेला तर्क लागत नाही.

कॅमेऱ्याच्या दुखण्यांविषयीही बोलले पाहिजे. संवेदनक्षमतेचा आकडा ४०० च्या पुढे जातच नाही आणि ४०० वरही चित्रात रवा सांडल्यासारखे कण दिसतात. संध्याकाळी धाकट्या बहिणीचा नाचताना फोटो काढू म्हटले तर फक्त ओढणी आल्याचे समजते. त्या कामाला फोन शंभर पटींनी बरा. पण साडी काही नाचत नाही. स्टुलावर दोन विटा, विटांवर कॅमेरा, आकडा ५० वर, दोन सेकंदांचा टायमर लावून हात काढून घ्यायचा. पडदा एक अष्टमांश सेकंद उघडा राहिला तरी साडी तक्रार करीत नाही. शिवाय झूम लांब करून दुरून टिपले की काठ सरळ येतो. फोन जवळ नेला की जवळची बाजू फुगते आणि काठ तिरपा धावतो. सपाट रंगाच्या कापडावर मात्र कॅमेऱ्याला नजर स्थिर करता येत नाही, कारण त्याला कडा हवी असते. म्हणून तो नेहमी जरीच्या काठावर रोखायचा.

एक दोष मजेदार निघाला. पूर्ण पदर चौकटीत बसवला तर काही साड्यांवर पाण्याच्या लाटांसारखे पट्टे उमटले, जे साडीवर नाहीतच. आधी वाटले लेन्स गेली. मग कागद घेऊन बसलो. पदराचा पन्हा ११२ सेंटिमीटर, आणि त्यासाठी बिंदू ३०७२. म्हणजे एका सेंटिमीटरला सत्तावीस. आमच्या फणीत धाग्यांची दाटीही जवळपास तेवढीच! दोन जाळ्या एकमेकींवर ठेवल्या की जशी तिसरीच नक्षी दिसते, तसे हे होत होते. उपाय सोपा. पदराचे चार भाग करून चार फोटो काढले की लाटा गेल्या. काकांना हा हिशेब फार आवडला. बी.कॉम.चा काही उपयोग असतो असे त्यांना बहुधा प्रथमच वाटले असावे.

आणि ज्या दोन साड्या नापास झाल्या त्यांचे काय? त्या मोरपिशी धूपछाव. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. उभे राहाल तसा रंग. कॅमेरा एका जागी उभा असतो, त्याला एकच रंग दिसणार. मी कोन बदलून तीन तीन फोटो काढले, तिन्ही खरे आणि तिन्ही अपुरे. त्या साड्यांसाठी काकांनी आजोबांची पद्धत पुन्हा काढली आहे. ताण्याची आणि बाण्याची वीतभर लांबीची दोरे कागदावर चिकटवून पोस्टाने पाठवायची. व्यापाऱ्याच्या फोनचा पडदा कसा आहे हे आपल्याला कुठे ठाऊक असते? दोऱ्याला पडदा नसतो.

आता किमतीचे. परत आलेल्या अठरा साड्यांचा खर्च, थांबलेल्या मागाचे तीन आठवडे आणि नंतर त्या साड्या इथेच कमी भावात काढल्या त्याची तूट, असे मी वहीत मांडले. बेरीज चार हजारांच्या कितीतरी पुढे गेली. आकडा घरचा आहे, छापत नाही. वही काकांपुढे ठेवली. त्यांनी शेवटची ओळ दोनदा वाचली आणि विचारले, "आणि हा बंद पडला तर?" याचे उत्तर घसाऱ्याच्या कोष्टकात नाही. सुटे भाग मिळणे अवघड आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले. तोवर चार माग चालतील का एवढाच प्रश्न आहे, असेही सांगितले.

त्याच व्यापाऱ्याला गेल्या महिन्यात काकांनी नवे फोटो पाठवले. ते फोनवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचे, नाहीतर वाटेत दाबून लहान केले जातात, हे मी काकांना तीनदा शिकवले आणि काकींना एकदाच. त्याने सहा साड्या मागवल्या, फक्त सहा. त्या परत आलेल्या नाहीत. पैसेही अजून आलेले नाहीत. चौथ्या मागावर अण्णांनी काल अंजिरी ताणा चढवला आहे. माझ्या मित्राने दर पाच हजारांवर नेला आहे आणि मी त्याला रोज टाळतो आहे. सेल चार्जरला लावले आहेत, उद्या रविवार आहे, आणि ऊन दारात यायच्या आत अकरा साड्या टिपायच्या आहेत.