दोन भावंडं, दोन याद्या

माझी मुलगी आणि दिरांचा मुलगा यांच्यात वर्षाचं अंतर. जुन्या हुबळीतल्या आमच्या एकत्र घरात दोघं एकाच पाळण्यात झोपली. 2018 मध्ये मुलीला आरटीईखाली खासगी शाळेत एलकेजीची जागा मिळाली. 2019 मध्ये पुतण्याचा अर्ज भरायला बसलो, तर आमच्या वॉर्डात निवडायला एकही शाळा उरलेली नव्हती. घर तेच, उत्पन्न तेच. मधल्या काळात नियम बदलला होता.

ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, म्हणजे आरटीईनुसार, खासगी विनाअनुदानित शाळांनी 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या आणि त्यांची फी सरकारने भरायची. कायदा सहा ते चौदा वयाचा असला तरी शाळेत बालवर्ग असेल तर प्रवेश तिथूनच द्यावा लागतो. म्हणून नीट बोलताही न येणाऱ्या पोरांचे आईबाप दाखल्यांसाठी रांगेत उभे राहतात. कर्नाटकात या पंचवीसपैकी साडेसात टक्के अनुसूचित जातींना, दीड टक्का अनुसूचित जमातींना आणि उरलेले सोळा बाकीच्यांना. आम्ही या सोळातले. माझे यजमान गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत टर्नर आहेत, मी घरी शिवणकाम करते. उत्पन्नाची साडेतीन लाखांची मर्यादा आम्हाला कधीच आडवी आली नाही.

आडवा आला तो कागद. नाडकचेरीतून, म्हणजे इथल्या महसूल कार्यालयातून, उत्पन्नाचा दाखला काढायचा, त्यावरचा आरडी नंबर अर्जात घालायचा. मुलीच्या आधारवर आडनाव एका तऱ्हेने, जन्मदाखल्यावर दुसऱ्या. मराठी आडनाव आधी कन्नडात लिहिलं गेलं, तिथून इंग्रजीत, आणि वाटेत एक अक्षर बदललं. संगणकाला ही दोन माणसं वाटली. ते अक्षर दुरुस्त करून घेईपर्यंत शेवटची तारीख येते की काय या धास्तीने मला रात्री झोप लागत नसे. आमच्या गल्लीतल्या एका बाईने तर दाखलाच वेळेत न मिळाल्याने अर्ज सोडून दिला. सोडतीत तिच्या मुलाचा नंबर लागला नाही असंही म्हणता येणार नाही, तो सोडतीत गेलाच नाही. चिठ्ठी कुणाचं तोंड पाहत नाही हे खरंच आहे, पण चिठ्ठी पडण्याआधी दाखला, पत्ता आणि वॉर्ड यांनी बरीच मुलं वगळलेली असतात, हे मला तेव्हा कळलं.

वॉर्डाचं तर सांगूच नका. आरटीईत ‘शेजार’ म्हणजे शहरात वॉर्ड, खेड्यात महसुली गाव. तेव्हा हुबळी-धारवाड महापालिकेचे 67 वॉर्ड होते, आता 82 झालेत. रस्त्याच्या या बाजूचं घर एका वॉर्डात आणि समोरची शाळा दुसऱ्यात, असं आमच्याकडे सर्रास दिसतं.

पहिल्या फेरीत आमचं नाव नव्हतं. दुसऱ्या फेरीत मोबाईलवर मेसेज आला, तेव्हा सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली.

जानेवारी 2019 मध्ये दोन गोष्टी घडल्या. धारवाडला 84 वं अखिल भारत कन्नड साहित्य संमेलन भरलं आणि अध्यक्ष चंद्रशेखर कंबार यांनी सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आणायला विरोध केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने आरटीईच्या नियमात दुरुस्ती केली : शेजारात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर तिथल्या खासगी शाळेवर 25 टक्क्यांचं बंधन नाही. शहरात अशी शाळा नसलेला वॉर्ड शोधावा लागतो. राज्यभरात दीड लाखाच्या आसपास असलेल्या जागा एका फटक्यात सुमारे सतरा हजारांवर आल्या. मे अखेरीस उच्च न्यायालयानेही दुरुस्ती उचलून धरली.

सरकारचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. एका मुलामागे पहिलीसाठी वर्षाला 16,000 आणि एलकेजीसाठी 8,000 रुपयांपर्यंत पैसा खासगी शाळांकडे जात होता आणि सरकारी शाळांचे वर्ग ओस पडत होते. पण वर्ग भरायचे तर आधी त्यात चार वर्षांच्या मुलाला बसवण्यासारखं काही हवं. आमच्या वॉर्डातल्या ज्या शाळेच्या आधाराने खासगी जागा काढून घेतल्या, तिथे बालवर्गच नव्हता.

पुतण्यासाठी एकही शाळा उरली नाही हे कळलं, त्या संध्याकाळी जाऊबाई चुलीजवळ बसून राहिल्या. “ताई, तुमच्या पोरीला इंग्लिश शाळा आणि माझ्या पोराला नाही, असं कसं हो?” मला उत्तर सुचलं नाही. आपण एकाच घरात असूनही माझ्या लेकीला मिळालेली गोष्ट त्यांच्या लेकराला मिळत नाही, याची बोच मला आजही आहे.

त्याच वर्षी राज्यातल्या 276 कर्नाटक पब्लिक स्कूलमध्ये सरकारी एलकेजी सुरू झालं. बालवर्गापासून बारावीपर्यंत एकाच आवारात, फुकट. वर्गात तीस मुलं. आम्ही गेलो त्या शाळेत तीसपेक्षा कितीतरी जास्त अर्ज आले होते, म्हणून आवारात सर्वांसमोर चिठ्ठ्या काढल्या. शाळा समितीच्या माणसांनी स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि सातवी-आठवीतल्या एका मुलीला काढायला लावलं. प्रत्येक नावाला कुठून तरी ओरडणं उठायचं आणि बाकीचे गप्प व्हायचे. संगणकाच्या सोडतीत हरणारे दिसत नाहीत. इथे ते माझ्या शेजारी उभे होते. पुतण्याचं नाव वेटिंगच्या यादीत लागलं.

त्या यादीत आमच्यापुढे असलेल्या मुलाची आई कन्नडात म्हणाली, “नाही मिळालं तर अंगणवाडी आहेच.” आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीताईंना मात्र उलटी काळजी होती. मुलं एलकेजीला गेली तर त्यांची पटसंख्या घसरणार होती. पुढे अंगणवाडीताईंनी या वर्गांविरुद्ध आंदोलनंही केली. त्यांचा राग मला पटतो. चार वर्षांच्या मुलाला खाऊ घालणारी, वजन करणारी बाई आधीपासून गल्लीत होती. शिकवायला तिलाच का तयार केलं नाही?

शाळा सुरू झाल्यावर काही दिवसांत एक कुटुंब कामासाठी गाव सोडून गेलं, वेटिंगमधल्या पहिल्या मुलाने दुसरीकडे प्रवेश घेतला होता, आणि आमचा नंबर लागला. वर्षभरात कोरोना आला आणि यूकेजी घरातच संपलं, तरी पोरगा टिकला. सरकारी शाळांतल्या इंग्रजी माध्यमाला कंबारांनी केलेल्या विरोधामागची काळजी मला समजते. घरी मराठी, दारी कन्नड असलेल्या घरात मी वाढले आहे, भाषा हातातून जाण्याची भीती मला कुणी सांगायला नको. पण पैसेवाल्याच्या मुलाला जे माध्यम विकत मिळतं, ते गरिबाला फुकट नाकारून कुठली भाषा वाचणार आहे?

फेब्रुवारी 2024 मध्ये सांगलीहून बहिणीचा फोन आला. महाराष्ट्रानेही तसाच नियम काढला होता, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगीला सूट. तिच्या मुलाचा अर्ज त्याच वर्षी होता. “तुमच्याकडे काय झालं गं?” तिने विचारलं. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुमच्याकडेही हेच होणार. झालं नाही. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, 19 जुलैला नियमच रद्द केला, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. कायदा एकच, देश एकच, आणि सीमेच्या त्या बाजूला जागा राहिल्या. बहिणीसाठी मला मनापासून आनंद झाला. जाऊबाईंना ही बातमी सांगताना मात्र आवाज जड झाला.

आता घरात वेगळाच हिशोब चालू आहे. आरटीईची जागा आठवीपर्यंतच असते. माझी मुलगी 2028 मध्ये आठवी पूर्ण करेल आणि नववीपासून त्या शाळेची पूर्ण फी आम्हाला भरावी लागेल. पुतण्याची शाळा बारावीपर्यंत आहे. गेल्या आठवड्यात जाऊबाईच म्हणाल्या, “नववीला हिला आमच्या शाळेत घालू या का? मी मास्तरांना विचारून येते.”