निळसर दूध

चि. मृण्मयी हिस,


पंपाने काढलेलं दूध पाण्यासारखं, निळसर दिसतंय म्हणून तू धास्तावलीस. तीच बाटली फ्रीजमध्ये ठेव, सकाळी वर साय धरलेली दिसेल. पाजताना आधी पातळ दूध येतं, छाती रिकामी होत जाते तसं ते स्निग्ध होतं. त्यात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं, म्हणून तर सहा महिने बाळाला वरचं पाणी लागत नाही.

दुधाला नावं ठेवण्याची आपली खोड जुनी आहे. गाय व्याली की खरवसासाठी शेजारीपाजारी वाट बघतात. बाळंतिणीचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मधाचं बोट चाटवायचं! संसर्गापासून जपणारी द्रव्यं त्या पिवळ्या चिकातच सर्वांत जास्त. मध तर वर्षाच्या आत मुळीच देऊ नकोस, बोट्युलिझमचा धोका असतो.

मुंबईत धारावीला लागून सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय आहे. तिथे अपुऱ्या दिवसांची बाळं जंतुसंसर्गाने दगावत. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी पावडरच्या दुधाऐवजी आईच्या दुधावर भर दिला आणि १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी उभी केली. दूध कुणाचं? बहुतेक तिथल्याच साध्या घरच्या बाळंतिणींचं. ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून ते सर्वांत नाजूक बाळांना देतात. मग तुझं दूध निकस कसं असेल गं?

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू आवडीने खा, पण दूध बनतं ते बाळाच्या ओढण्याने. सासूबाई मायेपोटी वरचं दूध देऊ म्हणतात. पण एक बाटली वरची दिली की ओढणं घटतं, दूधही घटतं आणि पुन्हा ‘पुरत नाही’ म्हणायला मोकळे! हे त्यांना शांतपणे सांग. रात्रीचं पाजणं सोडू नकोस.

मात्र तू शाकाहारी आहेस. बी-१२ कमी असलं तर दुधातही कमी उतरतं, ते तपासून घे. ड जीवनसत्त्व आईच्या दुधात पुरेसं नसतंच, डॉक्टरांनी दिलेले थेंब रोज घाल. दिवसाला सहा तरी लंगोट ओले होतायत ना, वजन चढतंय ना, एवढंच बघ. तसं नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठ आणि मला फोन कर, कितीही वाजलेले असोत.

तुझी,
मावशी