उन्हाळ्यानं झाकलेला बिघाड

नांदगाव पेठेत कुणाच्या घरी डिशवॉशर आहे म्हटलं, की लोक आधी हसतात आणि मग त्याचं दार उघडून आत डोकावतात. आमच्याकडे तो लॉकडाऊननंतर आला. आईचे दुखरे गुडघे पाहून पुण्याच्या मुलानं पाठवला. सौभाग्यवतींनी सुरुवातीला त्याच्यावर अजिबात विश्वास टाकला नाही. यंत्रातून निघालेली ताटं त्या पुन्हा नळाखाली धरायच्या. पुढे सवय झाली आणि तो घरातलाच एक झाला.

माझी नोकरी पारसच्या औष्णिक वीजकेंद्रात, इन्स्ट्रुमेंटेशन विभागात गेली. तापमान, दाब, प्रवाह मोजणारी साधनं नीट ठेवणं हे काम. निवृत्तीनंतर इथे घर बांधलं, तेही पुन्हा एका वीजकेंद्राच्या शेजारी. २७० मेगावॅटचे पाच संच, एकूण १३५० मेगावॅट. संचातली वाफ ५४० अंशांच्या आसपास तापवतात, डिशवॉशरमधलं पाणी साठ-पासष्ट अंशांपर्यंत. पण दोन्हीकडे शिस्त एकच: तापवणारा वेगळा, मोजणारा वेगळा, आणि मोजणारा सांगेल तेच खरं मानून हुकूम सोडणारा तिसरा. बिघाड शोधताना या तिघांची गल्लत झाली की खिसा रिकामा होतो.

तक्रार सुरू झाली ऐन थंडीत. घरी पातोडीचा रस्सा झाला होता, वर बोटभर तर्री. सकाळी यंत्र उघडलं तर वाट्यांच्या कडांना लालसर तेलकट थर तसाच, आणि भांडी ओली.

"अहो, हात लावून पाहा या वाट्याइले," सौ. म्हणाल्या. "तर्री जशीच्या तशी हाये. अन् भांडे बी वल्लेच निघून राह्यले."

अमरावतीहून मेकॅनिक आला. पोरगा बोलायला गोड. यंत्र चालू करून त्यानं दाराला हात लावला, थोडा वेळ कान दिला आणि निकाल सांगून टाकला.

"काका, बोर्ड गेला. बदलवा लागते."

"रीडिंग घेतलं का?"

"रीडिंग कायले पाह्यजे काका? थंडं पानी हाये म्हनजे हीटरले करंट जाऊन नाई राह्यला. बोर्डच असते."

बोर्डाची किंमत त्यानं सांगितली, ती यंत्राच्या किमतीचा चांगलाच मोठा हिस्सा होती. मी त्याला चहा पाजून, उद्या कळवतो म्हणून वाटेला लावलं. त्याचं अनुमान अशक्य नव्हतं. पण पाणी थंड राहण्याचे दोन वेगळे अर्थ निघतात. एक, पाणी तापतच नाही. दुसरा, पाणी तापलं असं यंत्राला वाटतं आणि ते हीटर बंद करतं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. औषध मात्र अगदी वेगळं.

डिशवॉशर नळाचं साधं पाणी आत घेतो, एका वेळी साधारण तीन-चार लिटर. पंप तेच पाणी फवाऱ्यांतून फिरवत राहतो आणि वाटेतला हीटर ते तापवतो. पाण्याला टेकून एक सेन्सर बसवलेला असतो, मेकॅनिक लोक त्याला एनटीसी म्हणतात. तापमान वाढलं की याचा रोध कमी होतो. धातूच्या तारेचं उलट असतं, तापली की रोध वाढतो. वीजकेंद्रातला आमचा पीटी-१०० शून्य अंशाला १०० ओहम आणि शंभर अंशाला १३८.५ ओहम दाखवायचा. तापल्यावर रोध घटण्याचा हा उलटा स्वभाव मायकल फॅरडेनं १८३३ साली सिल्व्हर सल्फाइडमध्ये पाहिला होता. आज फ्रिजपासून मोटारीपर्यंत सगळीकडे तोच राबतो आहे.

पहिली तपासणी साध्या थर्मामीटरनं केली. ६० अंशांचा प्रोग्राम लावला, बराच वेळ चालू दिला, मग यंत्र थांबवून दार उघडलं आणि तळाच्या जाळीजवळच्या पाण्यात थर्मामीटर बुडवला. ३४ अंश. टाकीचं पाणी १८ अंशांचं होतं. म्हणजे पाणी थोडं तरी तापलं होतं. हीटर साफ मेला असता तर एवढीही वाढ दिसली नसती.

दुसरी तपासणी क्लॅम्पमीटरची. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र पकडले तर क्लॅम्प शून्य दाखवतो, म्हणून दोन्ही वायरी सुट्या असलेला एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये जोडला आणि फक्त फेजची वायर पकडली. घरात तेव्हा २१० व्होल्ट येत होते. पाणी भरून झालं, पंप सुरू झाला, आणि काटा आठ अँपिअरच्या वर गेला. २००० वॅटच्या हीटरचा रोध सुमारे साडेसव्वीस ओहम असतो. २१० व्होल्टला त्यातून ७.९ अँपिअर जायला हवेत, वर पंपाचा थोडासा. हिशेब जुळला. हीटर धडधाकट, त्याला करंट पोचवणारा बोर्डावरचा रिलेही धडधाकट. पण काही मिनिटांतच करंट एकदम पडला, फक्त पंपापुरता उरला आणि शेवटपर्यंत तसाच राहिला. कुणीतरी बोर्डाला पाणी तापल्याची खोटी खबर देत होतं.

मग प्लग काढला, नळ बंद केला आणि यंत्र आडवं करून खालचा पत्रा उघडला. एनटीसीची जोडी बोर्डाकडून सोडवली आणि त्या टोकाला मल्टिमीटर लावला. या सेन्सरचा रोध २५ अंशाला १० किलोओहम. स्वयंपाकघरातल्या १८ अंशांना तो पावणेचौदाच्या आसपास हवा. मीटर दाखवत होता ३.१. या रीडिंगवरून बोर्डाला वाटणार, की पाणी चोपन्न अंशांचं आहे. त्यात ते खरोखर चौतीसपर्यंत गेलं, की रोध अडीच किलोओहमवर येतो, बोर्डाच्या लेखी साठ अंश पूर्ण होतात आणि हीटर बंद. थर्मामीटरचे ३४ आणि मीटरचे ३.१ एकमेकांशी तंतोतंत जुळले.

सेन्सरच बदलावा असं इथे कुणालाही वाटेल. पण आमच्या विभागात एक दंडक होता: साधन दोषी ठरवण्याआधी ते वायरीपासून सोडवून एकट्यानं तपासायचं. सेन्सर काढून कोरडा केला तर तो बरोबर पावणेचौदा दाखवू लागला. ठेचलेल्या बर्फात ठेवला, ३३ च्या आसपास. उकळत्या पाण्यात धरला, पाऊण किलोओहमच्या जरा खाली. समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास उंचीवर पाणी ९९ अंशांना उकळतं, तेही धरून रीडिंग योग्य होतं. सेन्सर निर्दोष होता.

खोट होती ती त्याच्या कनेक्टरमध्ये. शेजारच्या पाइपाचं रबर कडक होऊन थेंब थेंब पाझरत होतं. आमच्या बोअरचं पाणी जड. थेंब सुकायचे आणि मागे पांढरी पुटं उरायची. दोन पिनांच्या मध्ये तो ओलसर क्षार साचला होता आणि पितळ हिरवं पडलं होतं. त्या क्षारातून करंटला दुसरी वाट मिळाली, दोन वाटा समांतर झाल्या आणि एकूण रोध घसरला. कनेक्टर नवा टाकला, रबर बदललं, जागा स्पिरिटनं पुसून कोरडी केली. खर्च एका वेळच्या भाजीएवढा. पुढच्या प्रोग्रामला थर्मामीटरनं ६१ अंश दाखवले. वाट्या कोरड्या आणि स्वच्छ निघाल्या.

पण हिरवं पडलेलं पितळ एका महिन्याचं नव्हतं. पाझर बराच जुना असणार. मग उन्हाळ्यात कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही? उत्तर गच्चीवर होतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो आणि काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. चाळिशीपुढचं पाणी आत आलं, की फसलेल्या बोर्डाला ते साठच्या वर वाटायचं आणि हीटर चालूच व्हायचा नाही. तरी तूप-तेल पातळ होण्याइतकी ऊब पाण्यात होतीच आणि डिटर्जंटचं काम भागत होतं. शेवटच्या गरम धुण्यामुळे भांडी सुकायला हवीत, ते काम वऱ्हाडातली कोरडी हवा करत होती. त्या महिन्यांत वीजबिल थोडं कमी आलं, याचं श्रेय सौ. मुलाच्या खरेदीला देत होत्या. पावसाळ्यात बिघाड अर्धा उघडा पडला असणार, थंडीनं तो पूर्ण उघडा केला.

तेव्हापासून ओळखीचे लोक अशा तक्रारी घेऊन येतात. माझा क्रम ठरलेला आहे. आधी पाण्याचं तापमान. मग करंट. करंट अजिबात येत नसेल तर प्लग काढून हीटरचा रोध पाहायचा. मीटरनं हीटर तुटलेला दाखवला तर तो गेला. रोध ठीक असेल तर रिले, वायर, किंवा आत पुरेसं पाणी आहे आणि फिरतं आहे हे सांगणारा स्विच. पाणी फिरत नसताना यंत्र हीटर लावतच नाही, त्यामुळे बुजलेली जाळीसुद्धा पाणी थंड ठेवू शकते. करंट येऊन लवकर जात असेल तर सेन्सर आणि त्याची वाट. करंट टिकून राहतो पण पाणी सावकाश तापतं, असं असेल तर व्होल्टेज पाहा. १८० व्होल्टला २००० वॅटचा हीटर १२२५ वॅटचाच उरतो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटते. आणि क्षार विसरू नका. जड पाण्यासाठी यंत्रात मिठाचा कप्पा असतो. त्यात यंत्रासाठीचं जाडं मीठच घाला, जेवणाचं बारीक मीठ नको.

विजेचं ज्ञान नसेल तर पत्रा उघडू नका. पण थर्मामीटर कुणीही बुडवू शकतो. वर्षातून एकदा, तेही थंडीतच, हे करून पाहा. उन्हाळ्यातल्या रीडिंगवर वऱ्हाडात विश्वास ठेवता येत नाही. आणि मेकॅनिक बोर्ड बदला म्हणाला, तर पैसे काढण्याआधी त्याला तीन आकडे विचारा: पाणी किती अंश, करंट किती अँपिअर, सेन्सर किती ओहम. हे आकडे ज्याच्याकडे नाहीत, त्याला बोर्ड बदलू देऊ नका.