गोळी सारखी, बोली वेगळी

सरकारी दवाखान्यात मी परिचारिका आहे. वॉर्डात रोज दिसतं : इस्त्रीच्या कपड्यातल्या पेशंटला 'अहो काका', आणि वस्तीतून आलेल्या म्हाताऱ्याला 'ए, सरक तिकडं!' टीबीच्या गोळ्या दोघांना सारख्याच. समजावून मात्र एकालाच सांगितलं जातं. दुसरा बरं वाटताच गोळ्या सोडतो, की लगेच शेरा : 'ही माणसं अडाणीच!' पण निदान सहा महिने गोळ्या का घ्यायच्या, अर्धवट सोडल्या तर जंतू औषधाला दाद देत नाहीत, हे त्याला सांगितलं कुणी?

मी गोळ्या देताना विचारते, 'बाबा, आता तुम्ही मला सांगा, गोळी कधी नि किती दिवस घ्यायची?' उत्तर चुकलं, तर पुन्हा सोप्या शब्दांत सांगते. दोन मिनिटं लागतात.

१८९७ च्या प्लेगात सावित्रीमाईंनी रुग्णांची सेवा करताना प्राण दिला. संविधानाच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. काहींच्या जिभेवरून ती अजून गेलेली नाही.

नर्सिंग शिकणाऱ्या भावाबहिणींनो, प्रत्येक पेशंटला 'अहो' म्हणा. आणि स्वतः पेशंट म्हणून गेलात, तर बेधडक विचारा : हे औषध कशाचं? ती मेहेरबानी नाही, आपला हक्क आहे.

जय भीम!