हंगामी चाकरी आणि परतीचें तिकीट

पोटासाठीं हंगामापुरतें परमुलुखास जाणें ही गोष्ट आमच्या जालना जिल्ह्यास मुळींच नवी नाहीं. दसरा-दिवाळी उलटली कीं अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतील कितीतरी कुटुंबें ऊसतोडणीसाठीं पश्चिम महाराष्ट्राची वाट धरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडीं परत येतात. आम्ही पांढरपेशे लोक त्यास 'स्थलांतर' असें भारदस्त नांव देऊन स्वस्थ बसतों. परंतु तोच प्रश्न आपल्या उंबरठ्यावर येऊन उभा राहिला, म्हणजे मात्र घरांतील प्रत्येकाची झोंप उडते. आमच्या घरीं असा प्रसंग आला. त्याची हकीकत व त्यावर आम्हांस सुचलेले चार विचार वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें कुटुंब एकत्र आहे. समर्थांच्या जांबेपासून फारशा दूर नसलेल्या एका खेड्यांत आमची थोडी जमीन व मोसंबीची बाग आहे. २०१२-१३ च्या दुष्काळांत विकतच्या टँकरचें पाणी घालून धाकट्या बंधूंनीं ती जगविली. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचा पुतण्या, हॉटेल मॅनेजमेंटचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून घरीं आलेला होता. २०१९ च्या चैत्रांत त्यानें एका दलालाचा निरोप आणला. स्वित्झर्लंडांत हिंवाळ्याचा व उन्हाळ्याचा असे प्रवाशांचे दोन हंगाम असतात. तेथील उपाहारगृहांस माणसें मिळत नाहींत. चार लक्ष रुपये भरावे, सहलीच्या व्हिसावर जावें, आणि तेथें पोंचल्यावर दारोदार चौकशी करून काम मिळवावें, असा त्या निरोपाचा मथितार्थ होता. चार लक्ष रुपये उभे करावयाचे तर बाग गहाण टाकणें भाग होतें.

घरांत पहिला वाद निघाला तो मात्र पैशाचा नव्हे. बंधु म्हणाले, "दादा, आपल्या घरच्या मुलानें परदेशांत जाऊन लोकांचीं उष्टीं काढावींत काय?" त्यावर आम्हीं त्यांस दोन जुन्या गोष्टींचें स्मरण दिलें. अज्ञातवासाचें वर्ष भीमसेनानें विराटाच्या मुदपाकखान्यांत बल्लव या नांवानें काढलें. म्हणून त्याच्या पराक्रमास कांहीं उणेपणा आला नाहीं. राज्यभ्रष्ट नल बाहुक होऊन ऋतुपर्णाच्या पदरीं राहिला, आणि दमयंतीनें त्याला ओळखलें तें त्याच्या हातच्या पाकाच्या चवीवरून. तो पाक मांसाचा होता, हेंही आम्हीं बंधूंस सांगून टाकलें, म्हणजे पुढचा वाद आपोआप मिटला. शिवाय आमच्याच पंक्तींतून पिढ्यान्‌पिढ्या आचारी व वाढपी झाले. त्यांच्या हातचें आपण आनंदानें जेवतों. स्वयंपाक हा धंदा हलका नाहीं. हलकें असतें तें अंधारांत ठरविलेलें काम.

महाभारतांतील त्या आख्यानांत आणखी एक बारीक गोष्ट आहे. ऋतुपर्णानें बाहुकास ठेवून घेतांनाच त्याचें काम कोणतें आणि वेतन किती, हें स्वमुखानें सांगितलें. कौटिल्य तर याहून पुढें जातो. चाकराचा व धन्याचा करार आसपासच्या लोकांस ठाऊक असावा आणि जें वेतन बोललें गेलें तें चाकरास मिळावें, असें त्यानें अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणांत घालून दिलें आहे. या दोन कसोट्या आम्हीं दलालाच्या निरोपास लावल्या. काम कोणतें? तेथें गेल्यावर कळेल. वेतन किती? तेथें गेल्यावर ठरेल. धनी कोण? तेथें गेल्यावर भेटेल. चार लक्ष मात्र येथेंच द्यावयाचे!

ऊसतोडीच्या व्यवहारांत मुकादम मजुरास आगाऊ उचल देतो. मजूर त्या उचलीखालीं दबून जातो, ही गोष्ट दुःखाची खरी. परंतु या परदेशी व्यवहारांत मजूरच मुकादमास उचल देतो, आणि वर मुकादमाचे उपकार मानतो. दोहोंपैकीं अधिक आंधळा व्यवहार कोणता, हें वाचकांनींच ठरवावें. त्यांतही आमच्या सरकारनें १९८३ चा एमिग्रेशन कायदा करून परदेशच्या नोकरीसाठीं माणसें भरती करणाऱ्या दलालास नोंदणी सक्तीची केलेली होती, आणि त्यानें उमेदवाराकडून तीस हजार रुपये व त्यावरील कर यांहून अधिक शुल्क घेऊं नये असा नियमही होता. पुतण्यानें नोंदणीचा क्रमांक विचारतांच दलालाच्या गोड बोलण्यास खळ पडला.

मग आम्हीं काका-पुतण्यांनीं मिळून त्या देशाचे नियम वाचून काढले. त्यांचें सार असें. सहलीचा व्हिसा एकशें ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांपुरता असतो व त्यावर चाकरी करतां येत नाहीं. युरोपीय संघाच्या देशांतील माणसें तेथें जाऊन खुशाल काम शोधूं शकतात; आपणांस तो मार्ग बंद आहे. आपल्यासाठीं तेथील मालकानें आधीं आपल्या प्रांताच्या सरकाराकडे अर्ज करावा लागतो, तें काम करणारा माणूस स्वदेशांत किंवा युरोपांत मिळाला नाहीं हें दाखवावें लागतें, आणि त्या ठिकाणच्या रिवाजाप्रमाणें वेतन देण्याचें बांधून घ्यावें लागतें. असे परवानेही मोजकेच निघतात. २०२५ सालासाठीं ब्रिटन वगळतां युरोपीय संघ व एफ्टा यांबाहेरील साऱ्या देशांस मिळून अल्प मुदतीच्या परवान्यांची संख्या चार हजार ठरविलेली होती. साध्या वाढप्यास त्यांत जागा मिळणें जवळजवळ अशक्य. शिक्षण आणि कांहीं वर्षांचा अनुभव असलेला, आपल्या देशची विशेष पाककृति जाणणारा आचारी असेल, तर मात्र दार किलकिलें होतें.

तें होण्याचें कारणही मौजेचें आहे. यश चोप्रा यांच्या चित्रपटांनीं आल्प्स पर्वत भारतांतील घरोघरीं पोंचविला. आतां आपल्याकडील सहलीचे तांडेच्या तांडे तिकडे जातात. त्यांना बर्फ पाहावयास हवें असतें, पण जेवावयास वरण-भातच लागतो. युंगफ्राउयोख या सुमारें साडेतीन हजार मीटर उंचीच्या स्थानकावरही हिंदी जेवणाचें उपाहारगृह आहे! ज्या ओढीनें प्रवासी घर सोडतो, तिच्यामागें घरच्या चवीची ओढ चालतच असते, आणि आचाऱ्याचें पोट त्या दुसऱ्या ओढीवर भरतें.

पुढें हिशेब मांडला. तेथें उपाहारगृहांच्या धंद्यांत मालक व कामगार यांच्या संघटनांनीं मिळून किमान वेतन ठरविलेलें असतें. २०२५ सालीं अगदीं अशिक्षित कामगाराचें तें महिना ३,७०६ फ्रँक होतें. एका फ्रँकाचे शंभराहून अधिक रुपये धरले म्हणजे आंकडा ऐकूनच आमच्याकडील माणसास भोंवळ येईल. पण मालकानें राहणें-जेवणें दिलें तर सरकारी दरानें दिवसास तेहेतीस, म्हणजे महिन्यास ९९० फ्रँक त्यांतून वळते होतात. म्हातारपणाचा व बेकारीचा विमा, सक्तीचा आरोग्यविमा, कर हे आणखी निराळे. हातीं राहतात ते दोन हजारांच्या आसपास. ज्या देशांत कॉफीचा एक पेला चार-पांच फ्रँकांस मिळतो, तेथें तेही जपून वापरले तरच घरीं पोंचतात. महाग गांवचें वेतन महाग गांवांतच खर्चिलें तर तें स्वस्त होतें. वेतनाचा आंकडा हा मिळकतीचा आंकडा नव्हे.

त्या देशाची कीर्ति नेहमींच निष्कलंक होती असेंही नाहीं. १९३४ पासून २००२ पर्यंत तेथें हंगामी कामगारांचा निराळा दर्जा होता. इटली, स्पेन, पोर्तुगाल इत्यादि देशांतून आलेल्या या माणसांस वर्षाकांठीं नऊच महिने राहूं देत, आणि बायकामुलांस आणण्याची मनाई असे. कित्येकांनीं मुलें लपवून खोल्यांत ठेवलीं. उसाच्या फडांत खोपीशीं खेळणारें पोर आणि आल्प्सच्या पायथ्याशीं पडद्याआड गप्प बसविलेलें पोर, या दोघांमध्यें अंतर फार नाहीं. हंगामी चाकरी देणाऱ्यास हात हवे असतात. त्या हातांमागें घर असतें याची आठवण कामगारानेंच ठेवावी लागते.

बाग गहाण पडली नाहीं. पुतण्या त्याच वर्षींच्या आश्विनांत गोव्यास गेला. तेथेंही पावसाळा सरला कीं किनाऱ्यावर तात्पुरतीं उपाहारगृहें उभीं राहतात व पुढच्या पावसाच्या आधीं मोडतात. २०२० च्या मार्चांत महामारीनें तो हंगाम अर्ध्यावर तोडला, आणि पोरगा रिकाम्या हातानें घरीं आला. पुढें पुण्यास व पुन्हां गोव्यास मिळून तो तंदुरीच्या भट्टीपुढें चार वर्षें उभा राहिला. तेवढ्या पुण्याईवर २०२५ च्या आरंभीं त्यास एका स्विस खोऱ्यांतील उपाहारगृहाचा सात महिन्यांचा करार आला. या वेळीं दलाल नव्हता. पूर्वीं गोव्यांत बरोबर काम केलेल्या एका आचाऱ्यानें मालकास त्याचें नांव सुचविलें होतें.

कौटिल्याची आज्ञा शिरसावंद्य मानून आम्हीं तो करार ओसरीवर सर्वांसमक्ष मराठींत वाचून दाखविला. आठवड्याचे कामाचे तास, दोन दिवसांची सुटी, वेतन, कपात, निवासाची खोली, सारें त्यांत होतें. बंधु, भावजय, शेजारचे दोघे वृद्ध ऐकत होते. वाचन संपल्यावर आमच्या नव्वदीला टेंकलेल्या मातोश्री म्हणाल्या, "सगळें बरें आहे रे. पण मधेंच त्याचें काम सुटलें, नाहीं तर पोर आजारी पडलें, तर परत यायचें तिकीट कोणाच्या पदरचें?"

ओसरी स्तब्ध झाली. करारांत त्याविषयीं एक अक्षर नव्हतें. पुतण्यानें त्याच रात्रीं मालकास लिहिलें. चार दिवसांनीं उत्तर आलें कीं जाण्याचा खर्च ज्याचा त्यानें करावा, परतीचा आम्ही देऊं; आणि तें कलम करारास जोडून, सही करून पाठविलें.

तो वैशाखाच्या आधीं गेला आणि कार्तिकांत परत आला. आणलेल्या पैशांतून बागेंतील ठिबकच्या नळ्या नव्या झाल्या. महालक्ष्म्यांच्या सणास तो घरीं नव्हता. पुरण शिजवितांना त्याच्या आईनें दोनदां डोळे पुसले, हें आम्हीं पाहिलें आहे. तो हिशेब कोणत्याही करारांत मांडतां येत नाहीं. जो मांडतां येतो, तो मात्र मुलगा घराबाहेर पडण्यापूर्वीं, दिवसाउजेडीं, चारचौघांत मांडून घ्यावा. आणि घरांतील सर्वांत वृद्ध स्त्रीस त्या वेळीं तेथें अवश्य बसवावें, एवढेंच आमचें वाचकांस सांगणें आहे.